मदत हवी आहे : गडावरील वाड्याचे प्रारूप दाखवण्यासाठी व्हीआर निवडावे की एआर?

नमस्कार.

आमचे दुर्गसंवर्धन मंडळ तालुक्यातील एका गिरिदुर्गावर काम करते. या गडावरील वाड्याचे आता केवळ जोते उरले आहे. खांबांचे दगडी तळखडे आणि भिंतींच्या पायाच्या ओळी जागेवर आहेत, पण लाकडी बांधकामाचा मागमूसही नाही. सह्याद्रीतील अनेक गडांची हीच स्थिती आहे. रायगडावरील राजवाडासुद्धा मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांच्या माऱ्याने लागलेल्या आगीत जळाला आणि तिथेही आज आपण जोतीच पाहतो. गडावर येणाऱ्या शाळकरी मुलांना ‘इथे सदर होती, इथे मुदपाकखाना होता’ असे कितीही सांगितले तरी त्यांच्या नजरेसमोर काही उभे राहत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. मंडळातील एका वास्तुरचनाकार सदस्याने जोत्याची मोजमापे घेऊन, आणि त्या काळातील जे वाडे अजून उभे आहेत त्यांचा आधार घेऊन, संपूर्ण वाड्याचे त्रिमितीय प्रारूप संगणकावर तयार केले आहे. ते लोकांना कसे दाखवावे, याबद्दल जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

दोन पुरवठादारांशी बोलणे झाले. एकाने वाड्याचे व्हीआर (आभासी वास्तव) करून देतो असे सांगितले, दुसऱ्याने एआर (संवर्धित वास्तव). पहिल्याने नमुना म्हणून दाखवले ते पुठ्ठ्याच्या चष्म्यात मोबाइल घालून पाहायचे ३६० अंशांचे चित्रीकरण होते. दुसऱ्याचे उपकरण म्हणजे डोळे पूर्ण झाकणारा हेडसेट होता, पण त्याच्या पुढच्या कॅमेऱ्यांमुळे आतून खोली दिसत होती. निधीसाठी अर्ज करण्यापूर्वी या दोहोंतील फरक पक्का समजून घ्यावा, असे मला वाटते.

वाचनातून माझी झालेली समज अशी. आभासी वास्तवात, म्हणजे व्हीआरमध्ये, भोवतालचे जग पूर्णपणे झाकले जाते आणि त्याच्या जागी संगणकाने रचलेले जग येते. मान वळवली की दृश्यही त्याच वेगाने वळते, म्हणून आपण तिथेच आहोत असे मनाला पटते. संवर्धित वास्तवात, म्हणजे एआरमध्ये, खरे जग दिसत राहते आणि त्यात संगणकनिर्मित वस्तू मिसळते. संशोधक रोनाल्ड अझुमा यांनी १९९७ मध्ये एआरसाठी सांगितलेली तीन लक्षणे मला फार उपयोगी वाटली : खरे आणि आभासी एकत्र दिसावे, ते त्याच क्षणी प्रतिसाद देणारे असावे, आणि आभासी वस्तू खऱ्या जगातील त्रिमितीय जागेशी जुळलेली असावी. या तिसऱ्या लक्षणामुळे बरेच धुके निवळते. कॅमेऱ्यातील दृश्यावर वाड्याचे चित्र नुसते तरंगत राहिले तर ते एआर नव्हे. मी तळखड्याभोवती फिरलो तरी आभासी खांब त्याच तळखड्यावर उभा राहिला, तर ते एआर.

पॉल मिलग्राम आणि फुमिओ किशिनो या संशोधकांनी १९९४ मध्ये या दोहोंना एकाच अखंड पट्ट्यावर ठेवले, ज्याच्या एका टोकाला निखळ वास्तव आहे, दुसऱ्या टोकाला पूर्ण आभास आहे आणि मधे मिश्रणाच्या पायऱ्या आहेत. संगणकशास्त्रज्ञ इव्हान सदरलँड यांच्या १९६८ च्या डोक्यावर घालायच्या उपकरणाला अनेक जण व्हीआरचे मूळ मानतात, पण त्यातील अर्धपारदर्शक आरशांमधून समोरची खोलीही दिसत असे. म्हणजे ही सीमारेषा सुरुवातीपासूनच धूसर असावी.

आता शंका. कॅमेऱ्यांतून बाहेरचे दाखवणारा बंद हेडसेट नेमका कशात मोडतो? ३६० अंशांच्या चित्रीकरणाला व्हीआर म्हणावे का? आणि माझ्यासाठी सर्वांत महत्त्वाचे असे की, वाडा ज्या जोत्यावर उभा होता तिथेच तो दिसावा अशी आमची इच्छा आहे, पण पायथ्याच्या गावातील ज्या वृद्धांना आता गड चढवत नाही, त्यांनाही तो पाहता आला पाहिजे. एकाच प्रारूपातून दोन्ही साधेल का, आणि निधी मर्यादित असल्यामुळे आधी काय हाती घ्यावे?

प्रतिसाद १

आपली समज योग्य आहे. माझ्या मते वर्गवारी उपकरणावरून न करता, पाहणाऱ्याला त्या क्षणी काय दिसते आहे यावरून करावी. २०२३ चा क्वेस्ट ३ किंवा २०२४ चा व्हिजन प्रो हे हेडसेट बंदच असतात. बाहेरचे दृश्य कॅमेरे टिपतात आणि डोळ्यांपुढच्या पडद्यांवर दाखवतात. त्या दृश्यात, खऱ्या जागेशी जुळलेला खांब उभा केला तर तो एआरचा अनुभव झाला, आणि कॅमेऱ्यांचे दृश्य काढून घेऊन सगळीकडे वाडाच दाखवला तर तेच उपकरण व्हीआरचे झाले. कंपन्या या मधल्या प्रकाराला मिश्र वास्तव म्हणतात.

पारदर्शक काचेच्या उपकरणांचा, उदाहरणार्थ २०१६ मध्ये आलेल्या होलोलेन्सचा, प्रकार निराळा आहे. तिथे खरे जग काचेतून थेट दिसते आणि उपकरण त्यावर फक्त प्रकाशाची भर घालू शकते. प्रकाशाने काळा रंग रंगवता येत नाही, त्यामुळे सावल्या आणि गडद सागवानी खांब उघड्या माळावर भरदुपारी जवळजवळ विरून जातील. गडासाठी तो मार्ग मी सुचवणार नाही.

३६० अंशांच्या चित्रीकरणात मान कुठेही वळवता येते, पण एक पाऊल पुढे टाकता येत नाही आणि वाकून खांबाआड काय आहे ते पाहता येत नाही, कारण कॅमेरा जिथे ठेवला होता तिथेच पाहणारा खिळलेला असतो. त्याला व्हीआर म्हणण्याची पद्धत रूढ आहे. तथापि आपल्याकडे संपूर्ण त्रिमितीय प्रारूप तयार असताना त्याचे असे सपाट चित्रीकरण करून घेणे म्हणजे हातातले अर्धे वैभव टाकून देणे होय. ज्यात चालता येते अशा हेडसेटचाच आग्रह धरावा.

प्रतिसाद २

मी उघड्यावरच्या एआरचे काम केले आहे, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो. उद्ध्वस्त वास्तू तिच्या मूळ जागी उभी करण्याची आपली कल्पना जुनी आणि कसाला उतरलेली आहे. कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी १९९९ मध्ये पाठीवर संगणक बांधून, विद्यापीठाच्या आवारात पूर्वी असलेले मनोरुग्णालय त्याच जागी दाखवले होते. पुढे ग्रीसमधील प्राचीन ऑलिंपियाच्या अवशेषांवर मंदिरे उभी करून दाखवणारा युरोपीय प्रकल्पही झाला.

व्हीआरमध्ये सगळे जगच आपण रचलेले असल्यामुळे जागा जुळवण्याचा प्रश्न येत नाही. एआरमध्ये सगळी कसोटी तिथेच लागते. मोबाइलचे जीपीएस काही मीटरने चुकते, आणि वाड्याच्या दोन खांबांमधले अंतरही साधारण तेवढेच असते, म्हणजे खांब शेजारच्या खणात जाऊन उभा राहील. म्हणून एआरकिट आणि एआरकोर यांसारख्या प्रणाली कॅमेऱ्यातील ठळक खुणा ओळखून, मोबाइलच्या हालचाल टिपणाऱ्या संवेदकांची जोड घेऊन, आपली जागा सतत मोजत राहतात. गडावर यात एक अडचण असते, जी परदेशी लेखांत सापडत नाही. मार्चमध्ये उघडे दिसणारे जोते श्रावणात गवताखाली जाते. उन्हाळ्यात नोंदवलेल्या खुणा पावसाळ्यात मोबाइलला ओळखूच येत नाहीत. गूगलने २०२२ मध्ये आणलेली जागा ओळखण्याची सोय स्ट्रीट व्ह्यूच्या, म्हणजे रस्त्यांवरून टिपलेल्या, चित्रणावर चालते, त्यामुळे जिथे ते चित्रण नाही तिथे तिचा उपयोग नाही.

यावर उपाय म्हणजे ठरावीक जागी उभे राहून पाहणे. स्वतंत्र स्टँडवर माहितीफलक ठेवावा, त्यावर मोबाइलला ओळखता येईल असे चित्र छापावे आणि प्रारूप त्या चित्राच्या संदर्भाने जुळवावे. गड संरक्षित स्मारक असेल तर फलकासाठीही पुरातत्त्व विभागाची लेखी परवानगी लागेल, आणि मूळ दगडाला काहीही चिकटवण्याचा विचार कोणीही करू नये.

सुरक्षिततेबद्दल मात्र मी आग्रहाने सांगेन : तटाजवळ किंवा कड्याजवळ बंद हेडसेट कोणालाही घालू देऊ नये, त्यात बाहेरचे दिसत असले तरीही. मोबाइल हातात धरलेला माणूससुद्धा वाडा पूर्ण चौकटीत बसवण्यासाठी नकळत मागे सरकत जातो, म्हणून पाहण्याच्या जागेमागे भरपूर सपाट जमीन असावी. शिवाय हेडसेट उन्हात उलटा ठेवू नये. भिंगांतून एकवटलेले ऊन आतला पडदा कायमचा जाळते.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. गवताचा मुद्दा आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आला नव्हता, वास्तविक दर दिवाळीनंतर जोते मोकळे करण्याचे काम आम्हीच करतो. गडावर मोबाइलला रेंज नसते, हेही सांगायला हवे. अशा स्थितीत एआर चालेल का? आणि वृद्धांना हेडसेटमुळे भोवळ येईल, अशी भीती आमच्या काही सदस्यांना वाटते. ती कितपत खरी आहे?

प्रतिसाद १

भीती अनाठायी नाही, पण तिचे कारण समजले की ती बऱ्याच अंशी टाळता येते. बटणाने सरकत पुढे गेल्यावर डोळे सांगतात की आपण चाललो आहोत, तर आतल्या कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते की आपण बसलेलोच आहोत. या विसंगतीतून मळमळ आणि भोवळ येते. म्हणून वृद्धांना हातांच्या पक्क्या खुर्चीत बसवावे, सरकत जाण्याची सोय बंद ठेवावी, आणि सदरेतून चौकात जायचे असेल तर दृश्य क्षणभर मिटून नव्या जागी उघडावे. पहिल्या खेपेला पाच मिनिटे पुरेत, आणि शेजारी त्यांच्या ओळखीचे कोणीतरी बोलत राहावे. ज्यांना मुळात चक्कर येण्याचा किंवा फीट येण्याचा त्रास आहे, त्यांना वैद्यकीय सल्ल्याशिवाय हेडसेट देऊ नये.

क्रमाबद्दल माझे मत असे की पायथ्याच्या शाळेत एक हेडसेट ठेवून व्हीआरपासून सुरुवात करावी. त्यात जागा जुळवण्याचे काम नाही, आणि जुन्या वाड्यांत राहिलेली माणसे प्रारूपात फिरून ‘जिन्याची पायरी एवढी रुंद नसते’ असे सांगतील, तेव्हा दुरुस्ती वेळेवर होईल.

प्रतिसाद २

क्रमाबाबत माझे मत वेगळे आहे. हेडसेट एका वेळी एकाच माणसाचा असतो. सहलीला आलेल्या वर्गातील शेवटच्या मुलाची पाळी यायला दुपार होईल, आणि क्वेस्टची निर्माती कंपनी मेटा दहा वर्षांखालील मुलांसाठी तो वापरू देत नाही. मोबाइलवरील एआर शिक्षक आणि पालक यांच्या हातातल्याच उपकरणावर चालते, आणि आपल्या धाग्यातील मूळ तळमळ जोत्यावर उभ्या असलेल्या मुलांची आहे. रेंज नसण्याची अडचण येत नाही, मात्र प्रारूप ॲपमध्येच साठवलेले हवे आणि ॲप पायथ्याशी, रेंज असताना, उतरवून घेतलेले हवे. तिथेच क्यूआर कोडचा फलक लावावा.

प्रारूप दोन्हीकडे एकच चालेल, पण मोबाइलसाठी त्याची हलकी आवृत्ती करून घ्यावी लागेल. वास्तुरचनेच्या प्रारूपात कौलांपासून खिळ्यांपर्यंतचे बारकावे असतात आणि तेवढ्याने साधा मोबाइल तापून अडखळू लागतो. मूळ प्रारूपाची धारिका मंडळाकडेच राहील, अशी अट पुरवठादाराशी होणाऱ्या करारात आधीच घालावी.