मदत हवी आहे: मराठी न्यूजलेटरची वर्गणी कशी सुरू करावी?

गच्चीवरचा
नमस्कार मंडळी,

सहकारी गृहनिर्माण संस्थांचे उपविधी, शासन निर्णय आणि न्यायालयांचे निकाल सोप्या मराठीत समजावून सांगणारं न्यूजलेटर मी दर पंधरवड्याला सबस्टॅक या न्यूजलेटरच्या संकेतस्थळावर काढतो. सध्या ते फुकट आहे. वाचक सुमारे दोन हजार, बहुतेक मुंबई, ठाणे आणि पुण्यातल्या सोसायट्यांचे सचिव, खजिनदार, कमिटी मेंबर. आता वर्गणी सुरू करायची आहे, पण सबस्टॅक पैसे फक्त स्ट्राइप या पेमेंट कंपनीमार्फतच घेतं आणि स्ट्राइपचं नवं खातं भारतात निमंत्रणाशिवाय मिळत नाही. तिथेच गाडी अडली आहे.

पैसे कोणत्या मार्गाने घ्यावेत? मासिक ठेवावी की वार्षिक, आणि किती? फुकट काय द्यायचं आणि वर्गणीदारांसाठी काय राखायचं? जीएसटी आणि आयकराचं काय? ज्यांना या विषयातलं कळतं त्यांनी कृपया तपशिलात सांगावं.

हिशेबवही
पैसे घेणं आणि मेल पाठवणं ही दोन कामं वेगळी करा, म्हणजे अर्धी अडचण संपते. फुकट अंक सबस्टॅकवरच राहू दे. नवे वाचक तिथूनच येतात. वर्गणीदारांची यादी दुसरीकडे ठेवा आणि पैसे भारतीय पेमेंट गेटवेवरून (कार्ड, यूपीआय वगैरेंचे पैसे गोळा करून देणाऱ्या सेवेवरून) किंवा थेट यूपीआयने घ्या.

पहिले शंभरेक वर्गणीदार होईपर्यंत थेट यूपीआय पुरतं. व्यवहाराला शुल्क नाही. रक्कम आधीच भरलेला क्यूआर कोड तयार करा आणि सोबत एक गूगल फॉर्म द्या: नाव, संस्थेचं नाव, ईमेल, यूपीआयचा १२ आकडी संदर्भ क्रमांक. स्क्रीनशॉट मागू नका, तो खोटा बनवता येतो. संदर्भ क्रमांक बँकेच्या स्टेटमेंटशी जुळला की मगच नाव यादीत. शीटमध्ये 'मुदत संपते' हा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा, नंतर मागे जाऊन तारखा शोधणं फार त्रासाचं होतं. यासाठी वेगळं बँक खातं उघडा, शक्यतो चालू खातं. घरखर्चाच्या बचत खात्यात बारीक बारीक रकमा येत राहिल्या तर बँक विचारणा करू शकते, आणि वर्षअखेरीस कोणती रक्कम वर्गणीची आणि कोणती भाचीने परत केलेल्या पैशांची हे निवडत बसावं लागतं.

त्यापुढे गेटवे घ्या. रेझरपे या गेटवेची सर्वसाधारण आकारणी २ टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण २.३६ टक्के. १,२०० रुपयांच्या वर्गणीतून २८ रुपये ३२ पैसे जातात, हातात १,१७१ रुपये ६८ पैसे येतात. केवायसीसाठी, म्हणजे ओळख पडताळणीसाठी, पॅन आणि बँक खातं तर लागतंच, शिवाय तुमच्या संकेतस्थळावर नियम व अटी, गोपनीयता, रद्द करणं व परतावा आणि संपर्क ही चार पानं हवीत. अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा परताव्याच्या पानावर. तिथे गोलमोल लिहू नका. 'पहिल्या १५ दिवसांत पूर्ण परतावा, त्यानंतर उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात' असं एका वाक्यात लिहा.

मासिक वर्गणी मात्र टाळा. टक्केवारी दोन्हींत सारखीच असते, त्यामुळे शुल्क हे त्याचं कारण नाही. आपोआप कापणीसाठी रिझर्व्ह बँकेचे ऑक्टोबर २०२१ पासूनचे नियम आहेत. वाचकाने आधी मँडेट, म्हणजे आपोआप कापणीची परवानगी, मंजूर करायचं, आणि प्रत्येक कापणीच्या किमान २४ तास आधी त्याला सूचना जाते. १५,००० रुपयांपर्यंत पुन्हा ओटीपी किंवा पिन लागत नाही हे खरं, पण ती सूचना म्हणजे 'हे बंद करायचं का' असं दर महिन्याला विचारणंच झालं. शिवाय खात्यात शिल्लक नाही, कार्ड बदललं, मँडेट रद्द झालं, अशा कारणांनी कापणी हुकते. वार्षिक वर्गणीत हा प्रसंग वर्षातून एकदाच येतो. मराठी वाचकाला वार्षिक वर्गणी नवी नाही, छापील मासिकांची वर्षाची वर्गणी तो पिढ्यानपिढ्या अशीच भरत आला आहे.

चौथा मजला
तुमच्या विषयात एक मोठी सोय आहे. तुमचं गिऱ्हाईक एकटा वाचक नाही, संस्था आहे. सचिव स्वतःच्या खिशातून १,२०० रुपये देताना दहादा विचार करेल, पण तीच रक्कम संस्थेच्या खर्चात बसते. त्यासाठी तीन गोष्टी तयार ठेवा.

संस्थेच्या नावाचं बिल हवं. त्यावर बिल क्रमांक, तारीख, वर्गणीचा कालावधी, तुमचं नाव, पॅन आणि बँक तपशील. हे नसेल तर लेखापरीक्षक शंका काढतो आणि खजिनदार पुढच्या वर्षी नूतनीकरण करत नाही. दुसरं, कमिटीच्या सभेत मांडता येईल असा चार ओळींचा ठरावाचा मसुदा. सचिवाला तो कॉपी करून इतिवृत्तात टाकता आला की निर्णय त्याच सभेत होतो, नाहीतर पुढच्या महिन्यावर जातो. तिसरं, धनादेश आणि एनईएफटीची सोय. पुष्कळ संस्थांची खाती जिल्हा किंवा नागरी सहकारी बँकांत असतात, दोन सह्यांशिवाय पैसे निघत नाहीत आणि यूपीआयचा प्रश्नच येत नाही. बिल दिल्यापासून पैसे यायला तीन-चार आठवडे धरा आणि तोवर अंक चालू ठेवा. संस्था वर्गणी बुडवत नाहीत, उशीर करतात.

दर दोन ठेवा: संस्थेसाठी १,५०० ते २,००० आणि वैयक्तिक ६०० ते ८००. संस्थेच्या वर्गणीत कमिटीच्या सगळ्या सदस्यांना वाचायची मोकळीक द्या, तसं स्पष्ट लिहाही. अंक सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात फिरणारच. तो अडवण्यात शक्ती घालवू नका, दर ठरवतानाच तो धरून चाला.

गच्चीवरचा
दोघांनाही मनापासून धन्यवाद. संस्थेला बिल द्यायचं हे डोक्यातच आलं नव्हतं. पण अंक फिरणारच असेल तर लोक पैसे नक्की कशाचे देतील?

चौथा मजला
वापरता येणाऱ्या गोष्टींचे. नव्या शासन निर्णयात काय आहे, हे फुकट सांगा. त्यानेच विश्वास बसतो आणि वाचक वाढतात. त्या निर्णयामुळे सचिवाने या महिन्यात काय करायचं आणि कोणत्या कागदावर, हे वर्गणीदाराला द्या.

उदाहरण म्हणून वार्षिक सर्वसाधारण सभा घ्या. ती ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची, १४ पूर्ण दिवसांची नोटीस द्यायची, हे फुकट अंकात येऊ द्या. वर्गणीदाराला सूचनेचा मसुदा, विषयपत्रिका, हजेरीपट, इतिवृत्ताचा साचा, सगळं युनिकोड मराठीत आणि वर्डच्या फाइलमध्ये. त्यात '१४ पूर्ण दिवस' कसे मोजायचे तेही दाखवा: सूचना देण्याचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही वगळून. सूचनेवर ८ तारीख असेल तर सभा २३ तारखेच्या आधी घेता येत नाही. सचिव अडतो तो नेमका इथेच. थकबाकीदारावर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १५४ब-२९ खालचा वसुलीचा अर्ज करताना जोडायच्या कागदांची यादी, बिनभोगवटा शुल्क (घर भाड्याने दिलेल्या सदस्याकडून घ्यायचं) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांच्या वर जात नाही हे दाखवणारा बिलाचा नमुना, असे वर्षाला दहा-बारा नमुने झाले तरी वर्गणी वसूल झाल्यासारखं वाटतं. महिन्यातून एकदा वर्गणीदारांच्या प्रश्नांना उत्तरं द्या. ही उत्तरं फिरली तरी पुढच्या महिन्याचा प्रश्न विचारायला वर्गणीदारच असावं लागतं.

एक काळजी घ्या. निकालांचा मजकूर देताना मूळ निकाल न्यायालयाच्या संकेतस्थळावरून घ्या. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार निकाल छापायला हरकत नाही, पण कायद्याच्या नियतकालिकांनी तयार केलेल्या शीर्षटिपा (निकालाच्या वर छापलेले सारांश) त्यांच्या मालकीच्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. त्यांचं भाषांतरही करू नका, सारांश स्वतः काढा.

टपालपेटी
मेलच्या बाजूचं लिहितो, कारण मराठी न्यूजलेटर इथे हमखास आपटतं.

जीमेल साधारण १०२ केबीपेक्षा मोठा मेल मधेच कापतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'व्यवस्थापन समिती' या दोन शब्दांची १५ चिन्हं आणि एक मोकळी जागा मिळून ४६ बाइट होतात. दीड हजार शब्दांचा मजकूर तीसेक केबी होतो, वर साच्याचा कोड. काही एडिटर तर अक्षरांचं आकडी कोडात रूपांतर करतात, मग एकेका चिन्हाचे ७ बाइट होतात आणि तोच मजकूर दुपटीहून जास्त फुगतो. मेल कापला गेला की तळाची 'सदस्यत्व रद्द करा' ही लिंक दिसत नाही. वैतागलेला वाचक मग थेट 'स्पॅम' दाबतो. म्हणून अंक १,२०० शब्दांच्या आत ठेवा, नमुन्यांच्या फाइल जोडू नका, लिंक द्या.

पाठवण्यासाठी तुम्हाला संगणकाची थोडी सवय असेल तर यादी सांभाळणारं लिस्टमंक हे मुक्त सॉफ्टवेअर आणि मेल पोचवणारी ॲमेझॉनची एसईएस सेवा हा सर्वांत स्वस्त मार्ग. एसईएस हजार मेलना १० सेंट घेतं. सुरुवातीला खातं सँडबॉक्समध्ये, म्हणजे चाचणीच्या मर्यादित अवस्थेत, असतं, दिवसाला २०० मेल आणि तेही पडताळलेल्या पत्त्यांनाच, त्यामुळे मर्यादा उठवण्याचा अर्ज आठवडाभर आधी करा. सवय नसेल तर बटनडाउन किंवा ब्रेव्हो ही तयार मेलसेवा घ्या. ब्रेव्होच्या फुकट योजनेत दिवसाला ३०० मेल जातात, पहिल्या टप्प्याला तेवढे पुरे.

स्वतःच्या डोमेनवर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी लावा, मेल खरंच तुमच्याकडून आला हे त्यांवरून पडताळलं जातं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना त्या सक्तीच्या केल्या आहेत. तुमची यादी लहान असली तरी लावाच, नाहीतर मेल स्पॅममध्ये जातात. स्पॅमच्या तक्रारी ०.१ टक्क्याच्या खाली हव्यात. व्हॉट्सॲप गटातून उचललेले पत्ते यादीत घालाल तर हा आकडा पहिल्याच अंकात ओलांडला जाईल, म्हणून तसं अजिबात करू नका.

अक्षरांचा आकार १७ किंवा १८ पिक्सेल, ओळींतलं अंतर १.६ पट. तिरका टाइप वापरू नका, देवनागरीत तो वाचवत नाही. सुंदर फाँट निवडण्यात वेळ घालवू नका, जीमेल तो दाखवत नाही, फोनमधलाच फाँट दिसतो. जुने मसुदे श्रीलिपीत (युनिकोडच्या आधीच्या फाँटपद्धतीत) असतील तर आधी युनिकोडमध्ये आणा आणि रफार, र-कार, 'ष' आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. रूपांतरात हीच बिघडतात.

हिशेबवही
जीएसटीचं राहिलं होतं. सेवांसाठी महाराष्ट्रात नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांची उलाढाल. १,५०० रुपयांच्या ५०० संस्था झाल्या तरी साडेसात लाख होतात. पण ही मर्यादा पॅनवर मोजली जाते, त्यामुळे तुमचं सल्ल्याचं काम, व्यावसायिक गाळ्याचं भाडं असं सगळं त्यात मिळवा. नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावायचा नाही. संस्थेच्या खजिनदाराने जीएसटी क्रमांक मागितला तर 'नोंदणीची मर्यादा ओलांडलेली नाही' असं बिलावरच छापा, पत्रव्यवहार वाचतो.

आयकरात हे व्यवसायाचं उत्पन्न. नोकरी करत असाल तरी विवरणपत्राचा आयटीआर-१ हा नमुना चालणार नाही, आयटीआर-३ किंवा ४ भरावा लागेल. वर्षाचा देय कर १०,००० च्या वर जाणार असेल तर आगाऊ कर भरा. सर्व्हर, डोमेन, गेटवेचं शुल्क, कायद्याच्या पुस्तकांची बिलं जपून ठेवा.

पैलतीर
अमेरिकेतून लिहीत आहे. इथे राहणाऱ्या ज्यांना मराठीत लिहायचं आहे त्यांच्यासाठी सबस्टॅकचा हिशेब देतो. सबस्टॅक १० टक्के, स्ट्राइप २.९ टक्के आणि ३० सेंट, आवर्ती वर्गणीचे ०.७ टक्के. ५ डॉलरच्या मासिक वर्गणीतून ९८ सेंट जातात, म्हणजे जवळपास २० टक्के. ५० डॉलरच्या वार्षिक वर्गणीतून ७ डॉलर १० सेंट, साधारण १४ टक्के. म्हणजे इथेही वार्षिकच बरी.

गच्चीवरचा यांच्यासाठी: पुण्यात फ्लॅट आणि राहणं परदेशात असे पुष्कळ सदस्य आहेत आणि त्यांना हे विषय फार लागतात. त्यांच्यातल्या अनेकांचं एनआरओ खातं (अनिवासी भारतीयांचं भारतातलं रुपयांतलं खातं) असतं, त्यावरून ते रुपयांतच भरू शकतात. पेपाल भारतातल्या भारतात चालत नाही, परदेशातून पैसे घ्यायला चालतं.

गच्चीवरचा
सगळ्यांचे आभार, धागा वाचनखुणेत टाकला आहे. वैयक्तिक ७०० आणि संस्था १,५०० असं ठरवतो आहे. शेवटचे दोन प्रश्न. सुरुवात कधी करावी? आणि वर्गणी भरल्यावर मधेच कमिटी बदलली तर?

चौथा मजला
ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. वार्षिक सभेच्या तयारीला तेव्हाच लागतात, आणि तुमचा पहिला सशुल्क अंक सूचनेच्या मसुद्याचा असला तर दुसरी जाहिरात करावी लागणार नाही. दोन हजार वाचकांपैकी पहिल्या वर्षी हिशेबाला २ टक्के धरा, म्हणजे चाळीस. त्यावर तुमचा खर्च भागतो का तेवढं पाहा. त्याहून जास्त आले तर उत्तमच. जुन्या वाचकांना त्याआधीच्या दोन अंकांत कळवा: काय फुकट राहणार, काय वर्गणीत जाणार, कोणत्या तारखेपासून.

कमिटी बदलण्याची सोय फॉर्ममध्येच करा. संस्थेच्या वर्गणीला सचिवाचा खासगी ईमेल घेऊ नका, संस्थेचा पत्ता मागा, आणि दुसरा म्हणून खजिनदाराचा. संस्थेचा नोंदणी क्रमांक हा एक रकाना ठेवा. पदाधिकारी बदलले की नव्या सचिवाने त्या क्रमांकासह संस्थेच्या पत्त्यावरून मेल केला की नाव बदलून द्यायचं. प्रशासक नेमला गेला असेल तर नेमणुकीच्या आदेशाची प्रत मागून घ्या. वर्गणी संस्थेची आहे, ती मुदत संपेपर्यंत चालू राहते.