मसाई पठारावरचा कोपेपॉड नवीन प्रजाती वाटतो. वर्णनाच्या कामासाठी सल्ला हवा

जांभाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. मी कोल्हापुरात प्राणिशास्त्रात संशोधन करणारी विद्यार्थिनी आहे. दोन पावसाळे मी पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावरील जांभ्याच्या डबक्यांतून प्लवकजाळीने नमुने गोळा करीत आहे. एका डबक्यात जेमतेम सव्वा मिलिमीटर लांबीचा, डायाप्टोमिडे कुळातील कोपेपॉड (सूक्ष्म कवचधारी जलचर) मिळाला. नराच्या उजव्या पाचव्या पायाच्या टोकाचा आकडा (हुकासारखा वळलेला भाग) तळाशी जाड आहे आणि मध्यावर जवळजवळ काटकोनात वळतो. माझ्या वाचनातील एकाही वर्णनाशी तो जुळत नाही. तपासलेल्या 18 नरांपैकी 16 नरांत आकडा असाच आहे.

ज्वालामुखीच्या विवरांतील सरोवरांमधून अशा नवीन प्रजाती वर्णिल्याचे वाचले आणि आपलाही प्रदेश बेसाल्टचाच असल्यामुळे उमेद वाढली. आधी डीएनए करावा की चित्रे काढावीत? निबंध कोठे पाठवावा? नाव काय द्यावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

काचपट्टी

ताई, नावाचा विचार सध्या बाजूला ठेवा आणि उरलेल्या दोन नरांकडे आधी पाहा. ते वेगळे का दिसतात, हे सांगता आल्याशिवाय उरलेल्या सोळांविषयी काहीही ठामपणे लिहिता येणार नाही. पहिली शक्यता अशी की ते प्रौढच नसतील. कोपेपॉडच्या वाढीत नॉप्लियसच्या (अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या) सहा अवस्था आणि त्यानंतर कोपेपोडिडच्या (प्रौढासारखा आकार आल्यानंतरच्या) सहा अवस्था असतात. त्यांतील शेवटचीच प्रौढ असते आणि पाचव्या अवस्थेतील नराचा पाचवा पाय अर्धवट घडलेला असतो. उजवी शृंगिका (डोक्यावरची लांब मिशी) पाहा. प्रौढ नरात ती मादीला धरण्यासाठी मध्ये फुगीर आणि बिजागरीसारखी दुमडणारी असते. दुसरी शक्यता काचेच्या दाबाची आहे. आच्छादन काच थेट टेकली की आकडा कुशीवर वळतो आणि कोन बदललेला दिसतो. पाय ग्लिसरीनमध्ये ठेवून काचेच्या चारही कोपऱ्यांखाली मेणाचे बारीक ठिपके लावा, म्हणजे काच सरकवून तोच पाय पुढून, मागून आणि बाजूने पाहता येईल.

चित्रे आणि डीएनए यांत आधी-नंतर करू नका. त्याच डबक्यातील काही नमुने 95 टक्क्यांहून तीव्र इथेनॉलमध्ये वेगळे ठेवा आणि चित्रे कॅमेरा ल्युसिडा (सूक्ष्मदर्शकातील प्रतिमा कागदावर गिरवता येईल असे उपकरण) लावून स्वतः काढा. हात रेषा ओढू लागला की डोळ्याला न दिसलेला काटाही सापडतो, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. आकृतिविज्ञानासाठी ठेवलेल्या कुप्यांत ग्लिसरीनचे चार थेंब अवश्य टाका. माझ्या पहिल्या वर्षाच्या निम्म्या कुप्यांतील अल्कोहोल उडून गेले आणि नमुने सुकून वाया गेले. त्याची हळहळ अजून वाटते.

ज्वालामुखी सरोवरांच्या तुलनेबाबत मात्र सावध राहावे. मेक्सिकोतील पुएब्ला प्रांतातले आल्चिचिका हे विवरातील सरोवर साठ मीटरहून खोल आणि खारे आहे, आणि तेथील लेप्टोडायाप्टोमस गार्सियाई हा कोपेपॉड 1942 साली वर्णिला गेला. तेथे पाणी बारमाही असते आणि सरोवर सभोवारच्या कड्यांमुळे एकटे पडलेले असते. आपली डबकी पावसाळ्यानंतर आटतात; या कुळातील प्राण्यांची सुप्त अंडी चिखलात टिकतात आणि तो चिखल गुरांच्या खुरांबरोबर शेजारच्या डबक्यात जातो. म्हणून एकाच डबक्यावर न थांबता, पठारावरील आणखी पाचसहा डबक्यांतील नर तपासावेत. फ्रीडरिश कीफर यांनी भारतातील कोपेपॉडांवर बरेच काम केले असून त्यांचा संग्रह जर्मनीतील कार्ल्सरुहे येथील निसर्गविज्ञान संग्रहालयात आहे; तेथे पत्र लिहून संबंधित काचपट्ट्यांची छायाचित्रे मागावीत.

नोंदवही

वरील सल्ल्याशी मी पूर्ण सहमत आहे. कायद्याची बाजू तेवढी सांगतो. जैवविविधता कायदा, 2002 च्या कलम 39 नुसार नव्याने सापडलेल्या प्रजातीची माहिती नियुक्त भांडाराला (नमुने जपण्यासाठी सरकारने नेमलेल्या संस्थेला) कळवून नमुने तेथे जमा करावे लागतात. भारतीय प्राणी सर्वेक्षण हे असे भांडार असून त्याचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे, त्यामुळे कोल्हापूरहून ते सोयीचे पडेल. होलोटाइप (ज्यावर नव्या नावाचा आधार असतो तो एकच नमुना) कोणता आणि तो कोठे ठेवला आहे, हे निबंधात स्पष्ट लिहावे. नियतकालिक केवळ इलेक्ट्रॉनिक असेल, तर झूबँकवर (प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत) आधी नोंद करून तो उल्लेख निबंधातच छापला जाणे 2012 पासून बंधनकारक आहे. झूटॅक्सा किंवा जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा यांचा विचार करावा. पैसे घेऊन आठ दिवसांत छापून देणाऱ्यांच्या वाटेला अजिबात जाऊ नये. प्रबंध आधी सादर होणार असेल, तर त्यात नवे नाव न लिहिता «अमुक प्रजाती 1» एवढेच लिहावे.

नावाविषयी माझे मत असे की स्थळावरून नाव उत्तम. सह्याद्रीतील स्ट्रेप्टोसेफालस सह्याद्रिएन्सिस या परीकोळंबीचे नाव हे 2014 मधील उदाहरण आहे. मात्र «मसाई» वाचून परदेशी वाचकाला पूर्व आफ्रिकेतील जमात आठवेल, म्हणून पन्हाळ्यावरून नाव घेणे मला अधिक योग्य वाटते.

जांभाकाठ (धागाकर्ती)

दोघांचेही मनापासून आभार. आज ते दोन नर पुन्हा भिंगाखाली घेतले. एकाची उजवी शृंगिका डावीसारखीच सरळ आहे, म्हणजे तो अप्रौढ आहे. दुसरा मात्र प्रौढ आहे. त्याचा पाय काच उचलून, मेणाचे ठिपके लावून पुन्हा बसवला. बाजूने पाहिल्यावरही आकडा काटकोनात वळत नाही, हळूहळू वाकतो. तो शेजारच्याच डबक्यातून आलेला आहे, हे कुपीवरची चिठ्ठी वाचताना लक्षात आले. येत्या रविवारी त्या डबक्यावर जाणार आहे.