लॉन्जिट्युडिनल स्टडीला मराठीत काय म्हणायचं?

दांडियाबाजार: बालविकासावरच्या एका लेखाचं मराठी करतेय, लहान मुलांच्या बोधात्मक (समज, विचार, आठवण यांच्या) विकासाचा लॉन्जिट्युडिनल स्टडी आहे. "दीर्घकालीन अभ्यास" चालेल का? हिंदीतलं अनुदैर्ध्य आईबापांच्या डोक्यावरून जाईल.

रावपुरा: दीर्घकालीन नको ताई. किती वर्षं चाललं हा मुद्दाच नाही, तीच मुलं परत परत तपासली हा आहे. दरवर्षी पाच वर्षांची नवीन मुलं घेऊन दहा वर्षं काम केलं तरी ते दीर्घकालीनच, पण एखादं मूल तीन वर्षांचं होतं ते पाच वर्षांचं होताना काय बदललं ते त्यातून कळत नाही. आणि एकाच दिवशी तीन, पाच, आठ वर्षांची वेगवेगळी मुलं बसवली तर दिसलेला फरक वयाचा की त्यांच्या वेळच्या घर-शाळेचा, ते सुटं करता येत नाही. न्यूझीलंडच्या डनीडनमध्ये १९७२-७३ ला जन्मलेली १,०३७ मुलं घेतली, आता पन्नाशीत आहेत तरी त्यांनाच बोलावतात, परदेशी गेलेल्यांना तिकीट काढून आणतात, कारण माणसं गळत गेली की निकाल एका बाजूला झुकतो. आणि आपल्या बडोद्याचंच बघा ना, एम. एस. युनिव्हर्सिटीच्या बालविकास विभागात डॉ. प्रमिला फाटक यांनी १ ते ३० महिन्यांच्या बाळांची मानसिक आणि कारक (हालचालींची) वाढ नोंदवली, १९७० ला अहवाल आला, पुढे भारतीय बाळांचा विकास तपासणारी डीएएसआयआय चाचणी त्याच कामावर उभी राहिली. इतकं मोठं काम आपल्या गावात झालं आणि त्याला मराठीत धड शब्द नसावा याचं वाईट वाटतं.

मांजलपूर: "मागोवा अभ्यास"?

रावपुरा: छान आहे, पण मागोवा म्हणजे मागे जाऊन शोधणं. बाळ पहिला शब्द कधी बोललं हे आईला पाच वर्षांनी विचारलं तर तो मागोवा, आणि आठवण कधी दगा देईल सांगता येत नाही. इथे बाळासोबत पुढे जात त्या त्या वेळी लिहून ठेवायचं असतं.

मांजलपूर: मग पाठपुरावा?

दांडियाबाजार: दादा, त्याने अडकलेली फाइल आठवते.

निजामपुरा: मी अंगणवाड्यांमध्ये सर्व्हे करते. आयांना आम्ही "याच बाळाला दर सहा महिन्यांनी बघायला येणार" असंच सांगतो, लगेच कळतं. तेच कोडं परत दिलं तर मुलाला आठवतं, म्हणून आम्ही कोडी बदलतो, तेही सांगावं लागतं.

रावपुरा: मग ताई, "त्याच मुलांचा सलग अभ्यास" लिहा, आणि अनुदैर्ध्य एकदाच कंसात, पुढे कोणाला शोधायचं असेल तर सापडेल.

दांडियाबाजार: हे घेते. पण सलग म्हणजे रोज असं नाही ना वाटणार? "दर सहा महिन्यांनी" पहिल्याच वाक्यात टाकते.