रिड्यूस्ड बाय की रिड्यूस्ड टू?

लातूरहून लिहायलोय. प्रोजेक्ट रिपोर्टमधी आमचं सोयाबीन एकरी 10 क्विंटलवरून 8 वर आलं असं लिहायचं होतं, मी लिहिलं 'यील्ड रिड्यूस्ड टू 20 परसेंट', सरांनी लाल पेनानं गोल केला अन् म्हणले मग हे 8 क्विंटल कुठून आले. चुकलं काय?

उत्तर: अरे टू म्हणजे कुठवर आलं, बाय म्हणजे कितीनं घटलं. तू लिहिलंस तसं धरलं तर 10 चे 2 च क्विंटल राहिले की, पंचनाम्यालाच बोलवावं लागंल! 'रिड्यूस्ड बाय 20 परसेंट' कर, नाहीतर सरळ 'फ्रॉम 10 टू 8 क्विंटल'. नाम वापरायचं तर 'रिडक्शन ऑफ 20 परसेंट इन यील्ड', किती ते ऑफ, कशात ते इन.

प्रश्नकर्ता: अन् तळ्याचं पाणी 60 टक्क्यांवरून 45 वर आलं तर 15 परसेंट ना?

उत्तर: नाही, ते 15 पर्सेंटेज पॉइंट्स, म्हणजे दोन टक्क्यांची सरळ वजाबाकी. आधीच्या पाण्याच्या हिशोबानं, म्हणजे 60 मधले 15 गेले, घट 25 परसेंट. इथं लई जण गंडतात, मीबी गंडलोय.

दुसरं उत्तर: अन् 'पर्यंत'च्या नादात 'अप टू 20 परसेंट' ठोकू नको, त्याचा अर्थ जास्तीत जास्त 20.