पुसलेल्या राणीचा चेहरा एआयने भरावा का?

पोथीवाला
पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात 'तारीफ-इ-हुसेनशाही' हे सचित्र फारसी हस्तलिखित आहे. आफताबी नावाच्या दरबारी कवीने अहमदनगरच्या हुसेन निजामशहावर ते काव्य रचलं. जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटची लढाई झाली आणि त्याच वर्षी हुसेन वारला. मुलगा मुर्तजा लहान, म्हणून बेगम खुंजा हुमायून कारभार पाहू लागली. हस्तलिखित याच काळातलं मानतात. १५६९ मध्ये मुर्तजाने आईला कैद केलं. पुढे चित्रांतली राणी कुणीतरी पुसून टाकली. शहा तख्तावर बसलेला, आजूबाजूला दासी, आणि शेजारी राणीच्या जागी नुसता डाग.

गेलेल्या जागा एआयने भरून देणं आता सर्रास चालतं. या राणीचाही चेहरा निदान प्रतीवर तरी भरावा, असं ओळखीतली काही मंडळी म्हणतात. माझा ठाम विरोध आहे. राज्य चालवणाऱ्या बाईचं नाव-निशाण कसं मिटवलं गेलं, ते या डागातच दिसतं. आणि यंत्र शिकणार कशावरून? निजामशाही चित्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. सोनेरी आकाश, माळव्याच्या वळणाची चोळी, गोंडा लावलेली लांब वेणी, कमरेखालून गुंडाळलेला दक्षिणी पदर, हे सगळं एका पानावर नांदणारी शैली दुसरीकडे सहसा सापडत नाही. एआय तिथे एखादी मोगल बेगम आणून बसवेल आणि लोक तिलाच खुंजा हुमायून समजतील.

नगरी
विरोध समजला, पटला नाही. मी नगरचा. आमच्याकडे सलाबतखानाच्या कबरीला लोक 'चांदबीबीचा महाल' म्हणतात. चांदबीबी ही खुंजा हुमायूनचीच लेक. लेकीला निदान दुसऱ्याची का होईना, एक वास्तू मिळाली. आईचं नाव मात्र नगरमध्ये कुणाला विचारून बघा. पुसणाऱ्याला नेमकं हेच हवं होतं, आणि डाग जपा म्हणताना आपण त्याचंच काम राखतोय. मूळ पानाला हात लावा असं कुणीच म्हणत नाही. प्रतीवर चेहरा येऊ द्या. शाळकरी मुलीला डाग दाखवून राणी कशी सांगायची?

जुना कागद
दोघेही पुढच्या पायरीवर भांडताय. आधी पुसली म्हणजे नेमकं काय केलं ते पाहायला हवं. वरून रंग फासला असेल तर खालच्या काजळी शाईच्या रेषा इन्फ्रारेड छायाचित्रात दिसू शकतात, कारण काजळी तो प्रकाश शोषून घेते. रंग ओला करून किंवा खरवडून काढला असेल तर फारसं हाती लागणार नाही. या तपासणीत पानाला धक्का लागत नाही. चित्रकाराची रेष खालून वर आली तर ती जरूर दाखवा, ती त्याचीच आहे. यंत्राने बेतलेली रेष ही वेगळी गोष्ट. नगरीसाहेब, तुमच्या बोलण्यात या दोन्ही एक झाल्या आहेत.

नगरी
एक झालेल्या नाहीत. छायाचित्रात काहीच दिसलं नाही तर? तरीही रिकामी जागाच दाखवायची?

पोथीवाला
हो. आणि ती का रिकामी आहे ते शेजारी मोठ्या अक्षरांत लिहायचं. मुलं चेहऱ्यापेक्षा 'कुणी पुसलं आणि का' हे जास्त विचारतात, असा माझा अनुभव आहे.

मधली वाट नको
कुणी पुसलं ते पाटीवर खात्रीने सांगू नका. मुर्तजाने आईला कैद केलं ही नोंद आहे. चित्रं त्याच्या हुकुमाने पुसली हा अभ्यासकांचा तर्क आहे, सबळ असला तरी तर्कच. पाटी लिहाल तेव्हा हा फरक तिच्यावर दिसला पाहिजे, नाहीतर एआयला नावं ठेवून तुम्हीही रिकामी जागा मनाने भरलीत असं होईल.

शिवाय सगळ्याच स्त्रिया पुसलेल्या नाहीत. झाडाला बिलगलेल्या स्त्रीचं चित्र शाबूत आहे. कालिदासाच्या नाटकातल्या मालविकेच्या पायाच्या स्पर्शाने अशोकाचं झाड फुलतं ती आपली जुनी कल्पना, फारसी काव्याच्या पानावर. अहमदनगरच्या दरबारात काय काय एकत्र नांदत होतं ते याहून स्पष्ट कुठे दिसणार? पण चर्चा फिरते ती चेहऱ्याभोवतीच.

फारसी शिकतेय
मला वेगळंच सलतं. राणीची चित्रं पुसली, पण तिच्या रूपाच्या वर्णनाच्या ओळी राहिल्या. तिचं जे उरलंय ते आफताबीच्या काव्यात आहे आणि ते वाचणारे आपल्यात किती? मंडळाने १९८७ मध्ये हे काव्य इंग्रजी अनुवादासह छापलं, डॉ. कुलकर्णी आणि डॉ. माटे यांनी ते काम केलं. इतिहाससंशोधक ग. ह. खरे यांनी याच मंडळात बसून फारसी कागद वाचले, म्हणून कितीतरी मराठी इतिहास उजेडात आला. एआयने चेहरा रंगवण्यावर खर्च करायचा तर त्या पैशांत दोन मुलांना फारसी शिकवा. आफताबीच्या ओळी मराठीत शाळेपर्यंत न्या.

नगरी
ओळी न्या, नक्की न्या. पण चित्राची जागा ओळी घेत नाहीत. भिंतीवर चित्र लागतं, लोक त्याच्यासमोर थांबतात. 'काल्पनिक चित्र' असं खाली लिहू, मग तर हरकत नसावी.

जुना कागद
ती ओळ पहिल्याच फॉरवर्डमध्ये कापली जाते. आठवड्याभरात तेच चित्र 'मूळ १५६५' म्हणून मला परत येईल.

नगरी
ठीक. मग नगरच्याच एखाद्या चित्रकाराकडून, शक्यतो चित्रकर्तीकडून, आफताबीच्या ओळी वाचून नवं चित्र काढून घेऊ. आजच्या हाताचं, खाली सही आणि आजचं साल. सही चित्रातच असेल, सहजी कापता येणार नाही. पोथीच्या पानाची नक्कल नको, डागावर काही चढवणं नको. याला कुणाची हरकत?

पोथीवाला
याला नाही. फक्त ते हस्तलिखिताच्या छायाचित्राशेजारी टांगू नका, नाहीतर लोक डाग सोडून तिकडेच बघतील.

नगरी
मी शेजारीच टांगणार. लोकांनी दोन्ही बघावं म्हणूनच तर हा खटाटोप.

फारसी शिकतेय
आणि चित्रकर्तीला ओळी कोण वाचून दाखवणार, तेही ठरवा. मी अजून मसनवीचं, म्हणजे दोन-दोन ओळींच्या यमकाने चालणाऱ्या दीर्घ फारसी काव्याचं, वृत्त ओळखण्यापर्यंतच आले आहे. कुणी पुढे असेल तर इथे सांगा, बरोबर बसून वाचू.