रुग्णवाहिका बदलायच्या आहेत, पैसे दोनच गाड्यांचे: सुरुवात कुठून करावी?

तालुका_दवाखाना

धर्मादाय ट्रस्टचं ५० खाटांचं रुग्णालय, तालुक्याचं ठिकाण. मोठं हॉस्पिटल ७० किमीवर. गाड्या अशा:

१. मोठी व्हॅन, २०११, ३.४ लाख किमी
२. मोठी व्हॅन, २०१५, २.९ लाख किमी. व्हेंटिलेटर आणि डिफिब्रिलेटर हिच्यातच
३. मोठी व्हॅन, २०२१, बीएस-६, १.३ लाख किमी
४-५. छोट्या पेट्रोल व्हॅन, २०१८, प्रत्येकी सुमारे १.१ लाख किमी

विश्वस्तांत दोन मतं. एक म्हणतं, पहिल्या दोन विका, दोन नव्या एकदम घ्या. दुसरं म्हणतं, इंजिनं बांधून घ्या, रंग मारा, पाच वर्षं निघतील. तिसरा प्रश्न माझा: जुना रुग्णकक्ष नव्या चेसिसवर (गाडीच्या सांगाड्यावर) चढवता येतो का? तिकडे अमेरिकेत करतात म्हणे.

लॉगबुक

वय बघून गाडी काढू नका. प्रत्येक गाडीची गेल्या बारा महिन्यांची बिलं काढा: डिझेल, दुरुस्ती, टायर, विमा. गाडी जितके दिवस गॅरेजला उभी होती तितक्या दिवसांचं भाड्याच्या गाडीचं बिलही त्यात धरा. हा खर्च कुणीच धरत नाही आणि जुनी गाडी स्वस्त वाटते ती त्यामुळेच. बेरजेला किलोमीटरने भागा.

समजण्यापुरते आकडे घेतो. वर्षाला ३०,००० किमी, जुन्या गाडीची दुरुस्ती आणि भाडं मिळून ३.६ लाख, म्हणजे किमीला १२ रुपये. नवी फिटिंगसह २४ लाखांची, ८ वर्षांनी ४ लाखांना गेली, तर घसारा वर्षाला २.५ लाख, किमीला ८ रुपये ३३ पैसे. तिची दुरुस्ती ३ रुपये धरली तरी ११.३३. इथे नवी घ्यायची. तीच जुनी गाडी ८ रुपयांत भागत असेल तर हात लावू नका.

मीटरवर विसंबू नका. एसी आणि उपकरणांसाठी इंजिन चालू ठेवून उभी राहणारी गाडी किलोमीटर न वाढवता झिजते. एक तास आयडलिंग म्हणजे ढोबळमानाने ५० किमीची झीज धरतात. अवरमीटर (इंजिन किती तास चाललं ते मोजणारा) नसेल तर तेवढा आजच बसवा.

दोन गाड्या एकदम तर घेऊच नका. राज्याच्या १०८ सेवेत २०१४ मध्ये ९३७ गाड्या (२३३ एएलएस म्हणजे व्हेंटिलेटरसारख्या प्रगत उपकरणांच्या, ७०४ बीएलएस म्हणजे प्राथमिक उपचारांच्या) एकदमच आल्या. एकदम आलेल्या गाड्या म्हाताऱ्याही एकदमच होतात. एक आता घ्या, दुसरी दोन वर्षांनी. नवीला एएलएस करा आणि २०१५ची डायलिसिस, डिस्चार्ज, तपासण्या अशा बिनघाईच्या फेऱ्यांना लावा. तिथे रस्त्यात बंद पडली तर मनस्ताप होईल, जीव जाणार नाही.

पासिंगवाला

आधी आरसी बुक काढून मालकाचं नाव बघा. सरकारी, जिल्हा परिषदेच्या, पालिकेच्या गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांनंतर चालत नाही. ट्रस्टच्या नावावर असेल तर हा नियम लागत नाही, पण आठ वर्षांनंतर पासिंग दरवर्षी. २०११च्या गाडीवर इंजिनचा खर्च करण्याआधी चेसिसखाली टोच्या घेऊन बसा. मागच्या चाकाच्या कमानी, पायरीची चौकट, स्ट्रेचरखालचा पत्रा इथे टोच्या आत गेला तर विषय संपला. स्ट्रेचरखाली सलाइन आणि धुण्याचं पाणी वर्षानुवर्षं मुरतं, वरून रबर मॅट असते, कुणाला दिसत नाही.

चेसिस बदलाबद्दल: अमेरिकेत ट्रकच्या चेसिसवर रुग्णकक्षाचा वेगळा डबा असतो. तो उचलून नव्या चेसिसवर ठेवता येतो. आपल्या व्हॅनमध्ये पत्रा आणि सांगाडा एकच, उचलणार काय? नव्या व्हॅनमध्ये स्थानिक बॉडीबिल्डरकडून जुनं फर्निचर ठोकून घ्यायचं म्हटलं तर एआयएस-१२५ हे रुग्णवाहिकांचं मानक आडवं येतं. त्यात टाइप बी म्हणजे रुग्ण वाहतूक, सी म्हणजे बीएलएस, डी म्हणजे एएलएस. मंजुरी एआरएआय, सीआयआरटी अशा चाचणी संस्थांची लागते. परस्पर फेरफार केला तर त्याला मनाई करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच.

कारखान्यातून सगळ्या फिटिंगसह निघालेल्या रुग्णवाहिकेवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. रुग्णालयाला इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही, म्हणजे हे दहा टक्के थेट खिशात. जुनं कोटेशन असेल तर फाडा, नवं मागवा.

२०११ची भंगारात देताना नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच द्या, डिपॉझिटचं (गाडी जमा केल्याचं) प्रमाणपत्र घ्या. त्यावर नव्या गाडीची नोंदणी फी माफ होते. सायरन, बिकन आणि अक्षरं आधी उतरवा.

बारा_व्होल्ट

क्र. ३च्या गाडीबद्दल कुणी बोललं नाही, पण पुढचा मोठा खर्च तिचाच असू शकतो. बीएस-६ डिझेलमध्ये डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. साचलेली काजळी जाळायला ५५०-६०० अंश तापमान लागतं, ते हायवेवर मिळतं. गावातल्या गावात फिरणं आणि उभ्याने आयडलिंग केलं की जाळणं अर्धवट राहतं. त्यासाठी जास्तीचं सोडलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. ओळखायचं कसं? दर सोमवारी थंड इंजिनाची डिपस्टिक. ऑइल *वाढलेलं* दिसलं आणि वास डिझेलचा आला तर लगेच ऑइल बदला. ड्रायव्हर मात्र खूश असतो, "ऑइल खात नाही हो गाडी!" आठवड्यातून एकदा तिला ७० किमीची फेरी द्या आणि डॅशबोर्डवर रिजनरेशन (काजळी जाळणं) चालू दिसत असताना चावी काढू नका.

नव्या गाडीच्या मागणीपत्रात तीन गोष्टी लिहा: रुग्णकक्षाला वेगळी १०० एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी, दोन बॅटऱ्यांमध्ये व्होल्टेजवर चालणारा रिले (आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच), बाहेरून २३० व्होल्टचं प्लग-पॉइंट. हिशेब असा: व्हेंटिलेटर, मॉनिटर, सक्शन, दिवे, ब्लोअर मिळून ५०० वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर ४२ अँपिअर. लेड-ॲसिड अर्धीच रिकामी करायची, म्हणजे ५० एएच. इंजिन बंद असताना जेमतेम ७० मिनिटं. पार्किंगला प्लग लावला की आयडलिंगच संपतं.

तालुका_दवाखाना

आभारी आहे. क्र. २मधलं स्ट्रेचर, ऑक्सिजनची पाइपलाइन आणि इन्व्हर्टर नव्या गाडीत वापरता येतील का? आणि ही गाडी सोमवारी सकाळी सुरूच होत नाही, बॅटरी नवी आहे.

लॉगबुक

व्हेंटिलेटर, मॉनिटर, सक्शन: कॅलिब्रेशन करून खुशाल न्या. ऑक्सिजनचे सिलिंडरही न्या, मात्र खांद्यावरची हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाच्या चाचणीची) तारीख पाहा, पाच वर्षांच्या आत हवी. स्ट्रेचर नको. स्ट्रेचर आणि त्याचं जमिनीवरचं लॉक ही जोडी आहे, एकाचं स्ट्रेचर दुसऱ्याच्या लॉकमध्ये "बसतं" तेव्हा पिनेला दोन-तीन मिलिमीटर खेळ राहतो आणि जोरात ब्रेक लागला की तेवढ्यावरच सुटतं. पाइपलाइन नवीच. जुन्या होजवर ग्रीस किंवा तेलाचा हात लागला आहे की नाही हे कुणी सांगू शकत नाही, आणि ऑक्सिजनला तेल म्हणजे आग.

ताब्यात घेताना सिलिंडर उघडा, लाइन भरू द्या, व्हॉल्व्ह बंद करा, अर्ध्या तासाने काटा पाहा. उतरला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडा शोधा आणि तोवर सही करू नका. ७० किमीच्या फेरीला १० लिटरचा बी-टाइप सिलिंडर एकटा पुरत नाही: १५० बारला १५०० लिटर, ३० बार राखीव ठेवले तर १२००, मिनिटाला १५ लिटरने ८० मिनिटं. घाट किंवा ट्रॅफिक लागला की संपलं. त्याहून मोठे दोन डी-टाइप लावून घ्या.

बारा_व्होल्ट

सोमवारचं कोडं इन्व्हर्टरचं दिसतंय. काही न जोडता नुसता चालू राहिला तरी तो दीड अँपिअर खातो. शनिवार-रविवारचे ४८ तास, ७२ एएच गेले. शुक्रवारी रात्री मागचा मेन स्विच पाडून बघा. सोमवारी गाडी सुरू झाली तर दहा रुपयांचं लेबल लावा: "उतरताना स्विच बंद". तरीही सुरू नाही झाली तर गाडी बंद ठेवून बॅटरीच्या निगेटिव्हला मीटर लावा, किती अँपिअर दिसतात ते इथे लिहा.