स्वतःच्या कामासाठी मोठा ट्रक घ्यायचा आहे : लायसन्स, परमिट आणि पासिंगच्या अटी कोणत्या?

प्रश्न

नमस्कार. माझा मिरजेत फॅब्रिकेशनचा आणि औद्योगिक शेड उभारण्याचा व्यवसाय आहे. आजवर वेल्डिंग मशीन, जनरेटर, अँगल, चॅनेल हे सारे एकूण वजन (गाडी आणि माल मिळून) तीन टनांच्या आत असलेल्या पिकअपमधून नेत आलो. आता कामे निपाणी-बेळगावपर्यंत मिळू लागली असून पिकअपच्या फेऱ्या परवडत नाहीत. म्हणून साधारण अकरा टन एकूण वजनाचा, नऊ वर्षे जुना एक ट्रक पाहून ठेवला आहे. माल उतरवण्यासाठी त्याच्यावर छोटी हायड्रॉलिक क्रेन बसवून घ्यावी, असा विचार आहे. गाडी माझा पुतण्या चालवील. त्याचे वय २३ असून त्याच्याकडे चारचाकीचे, म्हणजे एलएमव्हीचे (हलक्या मोटार वाहनाचे) लायसन्स आहे.

माल आपलाच, भाडे कोणाकडून घ्यायचे नाही, तेव्हा परमिटची गरज नाही आणि सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे आता चारचाकीचे लायसन्सही चालते, असे ओळखीचे दोघे-तिघे ठामपणे सांगतात. हे कितपत खरे आहे? व्यवहार करण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे.

उत्तर १

मी मोटार अपघात दाव्यांत वकिली करतो, त्यामुळे लायसन्सच्या मुद्द्यापुरते लिहितो. आपल्या ओळखीच्यांनी सांगितलेला निकाल खरा आहे, पण तो अर्धाच सांगितला गेला आहे. बजाज अलायन्झ विरुद्ध रंभा देवी या खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी असे ठरवले की, ज्याच्याकडे एलएमव्हीचे लायसन्स आहे त्याला ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे मालवाहू वाहन वेगळ्या नोंदीशिवाय चालवता येते. त्यापुढच्या वजनाला मात्र व्यावसायिक वाहनांसाठीच्या सर्व जादा अटी पूर्वीप्रमाणेच लागू आहेत, असेही त्याच निकालात स्पष्ट केले आहे. आपला अकरा टनांचा ट्रक या मर्यादेच्या बाहेर जातो आणि आपल्या पुतण्याचे सध्याचे लायसन्स त्याला चालत नाही.

त्याला मालवाहू वाहनाचे लायसन्स काढावे लागेल. त्यासाठी वय किमान २० हवे, एलएमव्हीचे लायसन्स किमान एक वर्ष जुने हवे, डॉक्टरांचा दाखला हवा आणि मान्यताप्राप्त मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे प्रशिक्षण प्रमाणपत्रही हवे. हे लायसन्स पाच वर्षांसाठी मिळते व नंतर नूतनीकरण करावे लागते. वयाची अडचण आपल्याला नाही, तेव्हा काही महिन्यांत हे काम होण्यासारखे आहे, आणि ते होईपर्यंत योग्य लायसन्स असलेला चालक ठेवावा.

मी हे इतक्या आग्रहाने सांगतो त्याला कारण दंड नव्हे. योग्य लायसन्स नसलेल्या माणसाच्या हाती गाडी दिल्याबद्दल मालकाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८० खाली ५,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते, पण खरा फटका अपघातानंतर बसतो. अशा प्रकरणांत विमा कंपनीने जखमीला किंवा मृताच्या वारसांना आधी भरपाई द्यावी आणि ती रक्कम वाहनमालकाकडून वसूल करावी, असे आदेश न्यायालये वारंवार देतात. चांगले चाललेले छोटे वर्कशॉप अशा एका वसुलीत विकावे लागू शकते.

आणखी एक. ऑक्सिजन आणि गॅसचे भरलेले सिलिंडर नियमित नेणार असाल, तर धोकादायक मालाचे वेगळे नियम पाहावे लागतात. त्यात चालकाचे तीन दिवसांचे खास प्रशिक्षण आणि लायसन्सवर तशी नोंद यांचा समावेश आहे आणि वरील निकालाची सवलत तिथे नाही. सिलिंडर पुरवठादारालाच साइटवर पोहोचवायला सांगणे अधिक सोयीचे.

उत्तर २

परमिटचे मी सांगतो. आमचा वाहतुकीचा व्यवसाय आहे. माल स्वतःचा असला की परमिट नको, हा गैरसमज फार जुना आहे. मोटार वाहन कायद्यातील मालवाहू वाहनाची व्याख्या माल कोणाचा हे विचारतच नाही. कलम ६६ तर असे म्हणते की, गाडीत त्या वेळी माल असो वा नसो, मालवाहू वाहन परमिटशिवाय सार्वजनिक रस्त्यावर वापरता येत नाही. म्हणजे साइटवर माल उतरवून रिकामी परतणारी गाडीही त्यात आली. सूट आहे ती ३,००० किलोपर्यंत एकूण वजनाच्या गाड्यांना. आपल्या पिकअपला आजवर कोणी परमिट विचारले नाही, ते याच सवलतीमुळे.

आपली कामे कर्नाटकात आहेत, त्यामुळे महाराष्ट्रापुरते परमिट घेऊन सीमेवरच्या कोगनोळीच्या पुढे जाता येणार नाही. नॅशनल परमिट (देशभर चालणारे) घेतल्यास वर्षाचे १६,५०० रुपये एकत्रित शुल्क भरावे लागते. मात्र साध्या दोन आसांच्या ट्रकला बारा वर्षांनंतर ते मिळत नाही. आपण पाहिलेली गाडी नऊ वर्षांची, म्हणजे आपल्या उपयोगाची उणीपुरी तीन वर्षे उरली. किंमत ठरवताना हे मालकाला अवश्य ऐकवा.

पासिंगही लक्षात घ्या. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीचे योग्यता प्रमाणपत्र दर वर्षी घ्यावे लागते, त्याआधी ते दोन वर्षांनी असते. जुनी गाडी घेताना आरसी नावावर करण्याचा अर्ज ३० दिवसांच्या आत, विमा नावावर करण्याचा अर्ज १४ दिवसांच्या आत द्यायचा असतो आणि गाडीवर कर्जाचा बोजा असल्यास तो उतरवल्याचे पत्र वित्तसंस्थेकडून आधी हातात घ्यायचे. परमिट आपोआप आपल्या नावावर येत नाही, त्याच्या हस्तांतरणाला परिवहन प्राधिकरणाची परवानगी लागते.

उत्तर ३

माझेही काम फॅब्रिकेशनचेच आहे, म्हणून आपल्या अडचणीची कल्पना आहे. क्रेनचा विचार मात्र सोडून द्यावा, असे मला वाटते. आरसीत नोंदलेल्या मूळ रचनेत बदल करण्यास कलम ५२ मनाई करते आणि मालकाने असा बदल केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैदेची किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंडाची किंवा दोन्हींची तरतूद आहे. शिवाय क्रेनचे वजन गाडीच्या रिकाम्या वजनात मिळते, पण आरसीवरचे एकूण वजन तेवढेच राहते, त्यामुळे क्रेनच्या वजनाइतका माल कमी बसतो. साइटवर भाड्याने हायड्रा (चाकांवरची फिरती क्रेन) मागवणे दोन्ही बाजूंनी सोपे पडते.

आपल्या धंद्यात हौद्याची लांबी वजनाइतकीच महत्त्वाची असते. एमएस पाइप सहा मीटरचा, म्हणजे जवळजवळ वीस फुटांचा येतो. सतरा फुटी हौद्यात तो तीन फूट मागे डोकावतो, आणि त्याच्या टोकाला लाल फडके बांधले की झाले, असे सगळे धरून चालतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडीच्या बाहेर आलेल्या मालाला २०,००० रुपये दंड आहे. रात्री मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला ते पाइपचे टोक दिसत नाही, हे दंडापेक्षा अधिक गंभीर आहे. म्हणून पाइप कापून न्यावेत किंवा हौदा तेवढा लांब असलेली गाडी घ्यावी. जादा वजनालाही २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये असा हिशेब आहे, आणि जादा माल तिथेच उतरवावा लागतो तो वेगळा.

मी आपल्या जागी असतो, तर एकूण वजन ७,५०० किलोंच्या किंचित खाली ठेवलेली गाडी पाहिली असती. अशा गाड्या कंपन्या मुद्दाम बनवतात. पुतण्याचे आताचे लायसन्स तिला चालेल. परमिट आणि पासिंग मात्र तिलाही लागेलच.

प्रश्नकर्ता

आपणा तिघांचे मनापासून आभार. सात-साडेसात टनांच्या आतल्या गाडीचाच विचार आता नक्की करतो. एकच शंका राहते : उभारणीचे सहा-सात कामगार साइटवर जाताना हौद्यात मालासोबत बसले, तर चालते का?

उत्तर १

नाही. केबिनमध्ये आरसीवर जितकी आसने नोंदली आहेत तितकीच माणसे बसवावीत, आणि त्या कामगारांची जोखीम पॉलिसीत जादा हप्ता भरून नोंदवून घ्यावी. मालवाहू गाडीत बसवलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने आशा राणी खटल्यात २००२ सालीच स्पष्ट केले आहे. उरलेल्या कामगारांना एसटीने किंवा प्रवासी परमिटच्या गाडीने पाठवा. तो खर्च कामाच्या कोटेशनमध्येच धरा.

उत्तर ३

एक सूचना जोडतो. बयाणा देण्यापूर्वी गाडी रिकाम्या हौद्यासह वजनकाट्यावर नेऊन पावती घ्या आणि ती आरसीवरच्या रिकाम्या वजनाशी ताडून पाहा. जुन्या गाड्यांचे हौदे अनेकदा जाड पत्र्याने नव्याने बांधलेले असतात आणि त्यापायी पाचसहाशे किलोंचा फरक सहज निघू शकतो. तेवढा माल आपल्याला प्रत्येक फेरीत कमी न्यावा लागेल.